टपालाच्या रकान्यातलं एक मत

लोकशाहीत प्रत्येक मताचं वजन सारखंच असतं, हे दादानं प्रचाराच्या बावीस दिवसांत एकूण एकतीस सभांमधून सांगितलं होतं. निवडून आल्यावर पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी चार वाजता, त्याच दादानं घरातल्या सगळ्यांना बैठकीच्या खोलीत जमवून दार आतून लावून घेतलं, कारण एक मत त्याला बाकीच्या सगळ्यांपेक्षा जड जात होतं.

तसं पाहिलं तर तो दोनशे चौदा मतांनी जिंकला होता. हरलेल्या बेकरीवाल्यानं स्वतः येऊन हात मिळवला होता. खोलीत आलेले गुच्छ अजून कोपऱ्यात बादलीत उभे होते आणि त्यातले निम्मे माना टाकायच्या बेतात होते. पण दादाच्या हातात निकालाचा तक्ता होता, आणि गेले पाच दिवस तो वर्तमानपत्रासारखा रोज सकाळी तो तक्ता पहिल्यापासून वाचत होता. बूथवार आकडे सगळे ठीक होते. अगदी शेवटी, पानाच्या तळाशी, ‘टपाली मते’ असा एक रकाना होता. त्यात बेकरीवाल्यासमोर एक होता आणि दादासमोर शून्य.

“वॉर्ड अकरा,” दादा म्हणाला. “टपाली मतं एकूण एक. आता मला सांगा, आपल्या वॉर्डातून बाहेर नोकरीला असलेली माणसं किती?”

उत्तर खोलीतच होतं. एक, धाकटा भाऊ, बारा वर्षं सैन्यात, सध्या रजेवर. त्याला घरात आणि गल्लीत सगळेच फौजी म्हणत. आणि दुसरी, बहीण, जिला वयानं मोठा असूनही दादा ताईच म्हणायचा. ती परदेशातल्या वकिलातीत व्हिसाच्या खिडकीवर काम करायची, आणि आत्ता टेबलावर पाच किलोच्या लोखंडी वजनाला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून सगळ्यांकडे बघत होती. तिच्याकडे सकाळ होती. ती टोस्ट खात होती.

“दोन,” दादानंच सांगितलं. “दोघांनीही मला फोनवर सांगितलं, मत टाकलं, तुलाच टाकलं. पोचलं एक. आणि ते गेलं बेकरीवाल्याला. म्हणजे एकाचं मत वाटेत गहाळ झालं, आणि दुसरा...” इथे तो थांबला. सभांमध्ये टाळ्यांसाठी थांबायची सवय लागली होती. “दुसऱ्यानं मला फसवलं.”

“तू जिंकलास ना रे?” आई म्हणाली. ती खिडकीपाशी पितळी वजनं पुसत बसली होती. चाळीस वर्षं तिनं घरच्या काटेदुरुस्तीच्या कारखान्यातली वजनं पुसली होती. आता कारखान्यात कोणी पितळी वजन आणत नसे, म्हणून ती घरातला जुना संच पुसायची.

“प्रश्न जिंकण्याचा नाही, आई.”

“मग हरण्याचा आहे का?”

दादानं तिकडे दुर्लक्ष केलं. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या घराण्यात त्याचा जन्म गेला होता. पन्नास किलोच्या पोत्याला दोन ग्रॅम कमी भरले तर गिऱ्हाईक म्हणतं, जाऊ द्या. काटेवाला म्हणत नाही. काटेवाला काटा उघडतो, कारण आज दोन ग्रॅम खोटं बोलणारा काटा उद्या दोन किलो खोटं बोलतो, असं त्यांचे वडील सांगायचे. दादाला झोप लागत नव्हती ती या दोन ग्रॅमांमुळे.

“आणि जोवर मला हे कळत नाही,” तो म्हणाला, “तोवर मी त्या कागदावर सही करणार नाही.”

कागद टेबलावरच होता, मोबाइलच्या शेजारी. कारखान्याच्या परवान्यावर दुसरा कारागीर म्हणून फौजीचं नाव चढवायचा अर्ज. वजनमाप खात्याच्या खिडकीवर असे अर्ज वर्षातून एकच महिना घेत, आणि तो महिना उद्या दुपारी बारा वाजता संपत होता. परवा फौजीची रजा संपत होती. बाहेर काम आहे असा कागद त्याला पलटणीत दाखवता आला नाही, तर त्याला आणखी चार वर्षांच्या करारावर सही करावी लागणार होती. एकूण दोन सह्यांचा मामला होता. दादाची झाली की फौजीची वाचत होती.

जिन्याच्या पायरीवर फौजीची बायको बसली होती. तिला घरात धाकटी म्हणत. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्यातले चौदा महिने ती नवऱ्याबरोबर राहिली होती. तिनं एकदा अर्जाकडे बघितलं आणि मग जमिनीकडे.

*

दादाच्या बायकोनं, वहिनीनं, चहाचा ट्रे आणला तो बरोबर याच वेळी. वहिनीच्या ट्रेला वेळेचं भान असे.

“बिस्किटं थोडी मऊ आहेत,” ती म्हणाली. “बेकरी बंद केल्यापासून तिकडून पुलापलीकडून आणावी लागतात.”

बेकरी बंद झाली नव्हती. ती जोरात चालू होती. या घरानं ती बंद केली होती. उमेदवारी अर्ज भरल्या दिवसापासून बेकरीवाल्याकडचा पाव या घरात आला नव्हता. म्हणजे निदान पुढच्या दारानं आला नव्हता.

वहिनीला खरं तर टपालाच्या मताचं काही पडलं नव्हतं. तिला त्या अर्जाचं पडलं होतं. दादा नगरपालिकेत जाणार, मग कारखान्यात बसणार कोण, या प्रश्नाचं उत्तर तिनं निवडणुकीच्या आधीच काढून ठेवलं होतं. तिचा भाऊ इलेक्ट्रॉनिक काटे विकायचा आणि त्याला सध्या काही काम नव्हतं. अर्ज उद्या बारापर्यंत गेला नाही, तर सगळं आपसूक होणार होतं. तिनं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. तिला फक्त दुपारचे बारा वाजायला हवे होते.

“मला वाटतं, उगाच कुणावर आळ घेऊ नये,” ती दादाला म्हणाली. “पण इतक्या लांब राहिल्यावर माणसाला घरचं काय वाटणार? भावजींचं सगळं जग आता तिकडेच. जेवताना सुद्धा बघा, पाठ भिंतीला लावून बसतात.”

“ते दाराकडे तोंड करून बसायची सवय आहे म्हणून, वहिनी,” फौजी म्हणाला.

“तेच म्हणते मी. घरात कसली सवय ती? कुणाचा भरवसाच नाही जणू.”

“अगं, त्याच्या पाठीमागे दार असलं तर त्याला घास उतरत नाही,” आई म्हणाली. “तुझ्या पाठीमागे स्वयंपाकघर असलं तर तुला उतरत नाही. ज्याचं त्याचं.”

मोबाइलमधून ताई हसली, आणि वहिनीच्या लक्षात आलं की आपण चुकीच्या माणसापासून सुरुवात केली. ताईनंच गेल्या वर्षी म्हटलं होतं, कारखाना घरच्या माणसाच्याच हातात राहू दे.

“नाही, पण भावजी तसे साधे आहेत,” वहिनी म्हणाली. “पोटात एक आणि ओठात एक असं त्यांचं नाही. ते जमायला शिक्षण लागतं.”

“वहिनी, मी ऐकतेय,” ताई म्हणाली.

“तुम्हाला कुठे म्हणाले?”

*

फौजीनं चहाचा घोट घेतला आणि ताईच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. म्हणजे ते मत हिचं होतं.

त्याला खात्री असायला कारण होतं. ते एक मत त्याचं नव्हतं, हे जगात फक्त त्यालाच पक्कं माहीत होतं, कारण त्यानं मत टाकलंच नव्हतं. त्याची मतपत्रिका आलीच नव्हती.

ती येईल म्हणून तो पाच आठवडे थांबला होता. चौकीवर डाक आठवड्यातून एकदा यायची, तीही हवा बरी असली तर. त्याच्या बराकीतल्या सहा जणांची पाकिटं आली. साहेबांनी सगळ्यांना उभं करून रीतसर समजावलं होतं: मतपत्रिका छोट्या पाकिटात, घोषणापत्र बाहेर, मग दोन्ही मोठ्या पाकिटात, घोषणापत्र छोट्या पाकिटात टाकाल तर मत बाद. फौजीनं हे पाठ केलं होतं. त्यानं तीन वेळा अर्जाची चौकशीही केली होती. मग एका संध्याकाळी दादाचा फोन लागला. बोलायला दोन मिनिटं मिळायची, आणि दादानं कसा आहेस हेही न विचारता विचारलं, “टाकलंस?” मतपत्रिका आली नाही हे समजावून सांगायला दोन मिनिटं पुरली नसती, आणि दादाला पटवायला दोन वर्षं. तो म्हणाला, “टाकलं.”

आता तेच ‘टाकलं’ समोर उभं होतं.

“दादा,” तो म्हणाला, “पोचलं नाही ते माझंच. माझं बाद झालं असणार.”

“बाद का होईल?”

“आपली घरची सवय. तात्यांनी काय शिकवलं? तपासलेल्या वजनांची पेटी मोहोरबंद करायची, तर दाखला पेटीच्या आत ठेवून करायची. बाहेर ठेवला तर कुणीही बदलेल. मी घोषणापत्र छोट्या पाकिटात आत ठेवलं आणि वरून चिकटवलं. नंतर कळलं, ते बाहेर ठेवायचं असतं.”

हे इतकं पटण्यासारखं होतं की क्षणभर त्याला स्वतःलाच ते पाकीट दिसलं. तात्या म्हणजे वडील. जाऊन सात वर्षं झाली होती. आणि त्यांनी दाखला बाहेर ठेवणाऱ्या कारागिराला खरोखरच एकदा घरी पाठवलं होतं. आईनं पितळी वजन खाली ठेवलं आणि समाधानानं मान हलवली.

जिन्यावर धाकटीनं मात्र मान वर केली. तिच्या पेटीत फौजीचं पत्र होतं, मतदानाच्या आधीच्या आठवड्यातलं. त्यात लिहिलं होतं: मतपत्रिका अजून आलेली नाही, दादाला बोलू नकोस. आणि आता हा माणूस पाकीट कसं चिकटवलं ते हातवारे करून दाखवत होता. इतकं सफाईदार खोटं तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकलं असेल, पण ओळखलं नव्हतं. ‘इथे थंडी फारशी नसते’, ‘जेवण चांगलं असतं’, ‘पुढच्या वर्षी नक्की येतो’, हे सगळं ती मनात एकेक करून पुन्हा काढून बघू लागली.

दादा तक्त्यावर वाकला.

“बाद टपाली मतं,” त्यानं बोट ठेवून वाचलं. “शून्य.”

खोलीत कुणीतरी बिस्किट चावल्याचा आवाज आला. मऊ असूनही.

“मग उशिरा पोचलं असेल,” फौजी म्हणाला.

“आत्ता तर बाद म्हणत होतास.”

“बाद होणारच होतं. पण त्याआधी उशीर झाला असेल.”

*

वकिलातीच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीच्या घरात ताईनं टोस्ट खाली ठेवला. अरे देवा, तिला वाटलं, म्हणजे ते मत यानं दिलं.

खोटं बोलताना फौजीचा उजवा कान लाल होतो, हे ती त्याच्या चौथ्या वर्षापासून ओळखून होती. मोबाइलच्या पडद्यावरसुद्धा तो लाल दिसत होता. आणि तिलाही खात्री असायला कारण होतं. तिचीही मतपत्रिका आली नव्हती.

तिच्या बाबतीत तर ती लाज होती. परदेशातल्या मतदारांनी अर्ज कसा भरावा याची सूचना तिच्याच खिडकीच्या काचेवर लावलेली होती, तिच्याच हस्ताक्षरात. ‘मतपत्रिका न मिळाल्यास संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा’ हे वाक्य तिचं. तिनं स्वतः संबंधित कार्यालयाशी चार वेळा संपर्क साधला होता आणि चारही वेळा तिला ‘आपला संदेश मिळाला, आपले मत आमच्यासाठी अमूल्य आहे’ असं आपोआप येणारं उत्तर आलं होतं. दिवसाला तीस जणांना ती मतदानाचं सांगायची. दादाचा फोन आला तेव्हा तिला माझीच आली नाही असं म्हणवेना.

आता प्रश्न असा होता की फौजीला वाचवायचं कसं. त्यानं बेकरीवाल्याला मत का दिलं असेल, हे तिला लगेच समजलं. दादा जिंकला तर कारखाना वहिनीच्या भावाच्या हातात जाणार. दादा हरला तर फौजीला जागा. साधा हिशेब होता. चुकीचा होता, पण साधा होता.

“दादा, उशिरा पोचलं ते माझं,” ती म्हणाली. “वकिलातीची डाक थैलीतून जाते. थैली भरल्याशिवाय सोडतच नाहीत. तीन आठवडे पडून होती.”

“अरे वा,” दादा म्हणाला. “म्हणजे तुझंही उशिरा, याचंही उशिरा. मग पोचलं ते कुणाचं? पाकीट आपल्या पायांनी चालत गेलं का?”

“माझं नाही.”

“माझं नाही,” फौजी म्हणाला.

दादा खुर्चीत मागे टेकला. पाच दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर कामाचा रंग आला. काटा खोटा आहे का हे बघायची एक जुनी रीत आहे: डाव्या पारड्यातलं उजव्यात घालायचं, उजव्यातलं डाव्यात. काटा खरा असेल तर पुन्हा तेवढंच भरतं. एका बाजूला पासंग असेल, म्हणजे पारड्याखाली चोरून काही बांधलेलं असेल, तर तिथेच उघडं पडतं.

“ठीक,” तो म्हणाला. “स्वतःबद्दल कुणी बोलू नका. फौजी, तू सांग. ताईनं कुणाला मत दिलं?”

फौजीनं मोबाइलकडे बघितलं. ताईनंच दिलं, यात त्याला तसूभर शंका नव्हती. का दिलं तेही त्यानं ताडलं होतं: तिला कारखाना फौजीसाठी राहायला हवा होता. आपल्यामुळेच ती यात अडकली होती.

“तुला,” तो म्हणाला. “ताई असलं काही करणार नाही.”

“ताई, तू सांग. यानं?”

“तुलाच. त्याला येतं का असलं काही?”

दोघांनी इतक्या तत्परतेनं एकमेकांची बाजू घेतली की दादाचा संशय दुप्पट झाला. “म्हणजे तुम्ही दोघं मिळालेले आहात,” तो म्हणाला.

“कसं मिळणार?” आई म्हणाली. “एक त्या टोकाला, एक ह्या टोकाला. लहानपणी एका खोलीत राहून मिळाले नाहीत कधी.”

“मी म्हणते,” वहिनी हळूच म्हणाली, “भावजी खरं सांगतायत. थैलीची गोष्टच मला पटत नाही. मोठ्या कचेरीत कुठे थैल्या असतात आता? सगळं कॉम्प्युटरवर.” आता तिचा सगळा भार फौजीच्या बाजूला होता. ताई दोषी ठरली असती तर पुढच्या वेळी कारखान्याबद्दल तिचा शब्द चालला नसता, आणि फौजीचे बारा तर तसेही वाजतच होते.

“वहिनी, पाव कुठला आहे तो?” ताईनं विचारलं.

“कुठला?”

“मगाशी तुमच्या मागे ओट्यावर दिसला तो. तिळाचा. सबंध गावात एकच माणूस करतो तसा.”

सगळ्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. दादा उठून आत गेला आणि पाव घेऊन परत आला. त्यानं तो टेबलावर, अर्जाच्या शेजारी ठेवला. पाव ताजा होता.

“मागच्या दारानं?” त्यानं विचारलं.

“आईंना दुसरा चावत नाही,” वहिनी म्हणाली.

“मला काहीही चावतं,” आई म्हणाली.

याच वेळी मोबाइलवर ताई तोंड उघडं ठेवून गोठली. मग पडदा काळा झाला. नेटवर्क गेलं होतं.

*

पुढचा पाऊण तास दादा बोलत होता. कुणावर विश्वास ठेवायचा, हा विषय होता, आणि त्यात पाव, पाकीट आणि थैली आळीपाळीनं येत होते. सगळा गाव आपल्याला मत देतो आणि घरातलं माणूस देत नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज चिरकला. तो सभेतला आवाज नव्हता.

फौजीनं ते ऐकलं आणि त्याला वाईट वाटलं. मग त्यानं जिन्याकडे बघितलं. धाकटी त्याच्याकडे अशी बघत होती, जशी ती नवीन आलेल्या भाडेकरूकडे बघायची.

“दादा,” तो म्हणाला, “मीच दिलं.”

“काय?”

“बेकरीवाल्याला मत. मी दिलं. ताईचं गहाळ झालं. तिचा काही संबंध नाही.”

दादा उभा होता तो बसला.

“का?”

एवढं फौजीनं ठरवलं नव्हतं. त्यानं तोंडाला येईल ते सांगितलं, आणि नेमकं तेच खरं निघालं. “तू जिंकलास तर नगरपालिकेत जाणार. मग कारखान्यात वहिनींचा भाऊ. मग मी कुठे परत यायचं? मला घरी यायचंय, दादा. मला कंटाळा आलाय.”

कोपऱ्यातल्या बादलीतल्या एका गुच्छाचं फूल सुटून पाण्यात पडलं. वहिनी ट्रे उचलून उभी राहिली आणि पुन्हा बसली. आई पुसायची थांबली.

दादाच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून सगळे बघत होते. आला तो सुटकेचा भाव होता. काट्याची सुई पाच दिवस थरथरत होती, ती आता एका जागी येऊन थांबली.

“हे आधी सांगायला काय झालं होतं?” तो म्हणाला. “गाढवा, हे फोनवर सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मला काय मताची भूक आहे का? मला फक्त कळायला हवं होतं.” त्यानं खिशातून पेन काढलं. “पाच दिवस मला जेवण गेलं नाही.”

“दोन वेळा वाढून घेतलंस काल,” आई म्हणाली.

“चव नव्हती.” त्यानं अर्जावर सही केली, खाली तारीख घातली, आणि तारखेखाली एक रेघ ओढली. “विरोधात मत द्यायचा तुला अधिकार आहे. लोकशाही आहे. पण पुन्हा देऊ नकोस.”

फौजीनं कागद घडी न घालता दोन्ही हातांत धरला. जिन्यावरून धाकटी उठली आणि वर गेली. थोड्या वेळानं तो तिच्यामागे गेला.

“पत्रात वेगळंच लिहिलं होतंस,” ती म्हणाली.

“हो.”

“मग खरं कोणतं? पाकीट बाद झालं ते? उशिरा गेलं ते? की बेकरीवाल्याला दिलंस ते?”

“पत्रातलं.”

ती पेटीवर बसली. मग म्हणाली, “मग तिकडे थंडी किती असते, ते सांग आता.”

त्यानं सांगितलं.

खाली बैठकीत दादानं मऊ बिस्किट सोडून तिळाच्या पावाचा तुकडा मोडला आणि चहात बुडवला. तेवढ्यात मोबाइलला नेटवर्क आलं आणि ताईचा संदेश वाजला. लिहिलं होतं: दादा, फोन तुटला. ते मत माझं होतं. बेकरीवाल्याला मीच दिलं. कारण नंतर सांगेन. त्याची सही अडवू नकोस, त्यानं तुलाच दिलं होतं.

दादानं ते दोनदा वाचलं. मत एक होतं. कबुल्या दोन होत्या.

*

सोमवारी दहा वाजून वीस मिनिटांनी फौजी वजनमाप खात्याच्या खिडकीवर पोचला आणि त्याच सुमाराला दादानं कारखान्याचं शटर वर केलं. घर रस्त्याच्या अलीकडे होतं, कारखाना पलीकडे. अलीकडच्या भिंतींवर अजून दादाची चित्रं होती; पलीकडच्या बाजूला एकही नव्हतं, त्या बाजूला निवडणुकीचा मागमूसही नव्हता. दादा तिकडे प्रचाराला गेलाच नव्हता, कारण रस्ता ओलांडला की वॉर्ड बारा सुरू होत होता.

शटरच्या आत टपाल पडलं होतं. महत्त्वाचं सगळं टपाल कारखान्याच्याच पत्त्यावर यायचं. वहिनीनं आठ वर्षांपूर्वी परवान्याची एक नोटीस चणे बांधायला वापरली होती. त्या दिवसापासून दादा कुठल्याही सरकारी कागदावर घराचा पत्ता घालत नसे. स्वतःच्या नाही, कुणाच्याच नाही.

पाकीट निवडणूक कार्यालयाचं होतं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं टपाली मताची लेखी माहिती मागितली होती. त्यानं स्टुलावर बसून चष्मा लावला.

वॉर्ड अकरामध्ये टपाली मतदार एकूण एक, असं पत्रात होतं. नाव दिलं नव्हतं, नोकरी दिली होती: नौदल, डॉक्टर. बेकरीवाल्याची मोठी मुलगी नौदलात डॉक्टर असल्याचं सगळ्या गल्लीला माहीत होतं. दादालाही होतं. मतदार म्हणून ती त्याच्या डोक्यात आली नव्हती, कारण तिनं घर सोडलं होतं तेव्हा तिच्या दोन वेण्या होत्या.

त्याच्या भावाची आणि बहिणीची नावं, त्यांच्या अर्जावरील पत्त्याप्रमाणे, वॉर्ड बाराच्या यादीत होती. अर्जांच्या प्रती सोबत जोडल्या होत्या. दोन्ही अर्ज एकाच हस्ताक्षरात होते, आणि पत्ता दोन्हींवर कारखान्याचा. सात हा आकडा मधे आडवी रेघ देऊन लिहायची पद्धत या घरात फक्त दादाची होती.

शटरमधून फौजी आत आला. हातात पावती होती.

“घेतला अर्ज,” तो म्हणाला. “शिक्का पण मारला. दादा, काल मी जे बोललो ना, ते...”

“राहू दे,” दादा म्हणाला.

“नाही, ऐक. मी मत...”

“राहू दे म्हटलं ना. तो तीनशे किलोचा काटा उघड. शून्यावर येत नाहीये.”

फौजीनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पाना शोधू लागला. दादानं पत्राचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. वॉर्ड बारामध्ये एकच उमेदवारी अर्ज आल्याने तेथे मतदान घेण्यात आले नाही. मतपत्रिका छापलेल्या नव्हत्या.